खेड्याकडे जाणारा गुरुजी

लखनौ शहरात गोमतीच्या काठी लक्ष्मण मेळा मैदान नावाची एक मोकळी जागा आहे. २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात उत्तर प्रदेशाच्या खेड्यापाड्यांतून आलेले हजारो शिक्षक आणि शिक्षिका ह्या मैदानावर ठाण मांडून बसले होते. पुढच्या वर्षी, २५ जुलै २०१८ रोजी, त्याच शहरातील इको गार्डनमध्ये त्यांच्यापैकी अनेकांनी मुंडन करून घेतले. त्यांत स्त्रियाही होत्या. शिक्षकाने डोके मुंडवून न्याय मागावा, हे दृश्य कोणत्याही समाजाला मान खाली घालायला लावणारे आहे. तथापि मान खाली घातल्याने प्रश्न सुटत नाही. तो मुळापासून समजून घ्यावा लागतो.

ही मंडळी ‘शिक्षामित्र’ ह्या नावाने ओळखली जात. उत्तर प्रदेश शासनाने २६ मे १९९९ रोजी एक आदेश काढून ही योजना सुरू केली. खेड्यातील प्राथमिक शाळांना शिक्षक मिळत नव्हते आणि जे मिळत ते टिकत नव्हते. म्हणून त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहणाऱ्या, इंटरमीजिएट म्हणजे बारावी उत्तीर्ण झालेल्या तरुण-तरुणींची निवड ग्राम शिक्षण समितीने करावी, त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि अकरा महिन्यांच्या करारावर शाळेत नेमावे, असे ठरले. सुरुवातीचे मानधन दरमहा १,४५० रुपये होते. निवडीत निम्मा वाटा स्त्रियांचा असावा, अशीही तरतूद होती. पाहता पाहता ह्या शिक्षामित्रांची संख्या सुमारे पावणेदोन लाखांवर गेली.

ह्या योजनेच्या मुळाशी असलेला विचार चुकीचा नव्हता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. जिल्ह्याच्या गावाहून खेड्यातल्या शाळेत नेमलेला शिक्षक सकाळच्या गाडीने येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्याचे घर, त्याची मुलेबाळे आणि त्याचे मन शहरात असते. रुजू झाल्याच्या दिवसापासून त्याच्या खिशात बदलीचा अर्ज तयार असतो. ह्यात त्या बिचाऱ्याचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हा निराळा प्रश्न. पण मुलांच्या वाट्याला जो गुरुजी येतो तो पाहुणा असतो. उलट, गावातच वाढलेली मुलगी शाळेत शिकवू लागली, तर कोणाचे मूल गुरे राखायला गेले, कोणाची पोर धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी बसली, हे तिला विचारावे लागत नाही. ते तिला ठाऊकच असते. आईबापांशी ती त्यांच्या बोलीत बोलते. खेड्यातल्या शाळेला हा फार मोठा आधार आहे.

उणीव होती ती तयारीची. शिकवणे ही एक विद्या आहे. ती गावचा रहिवासी असल्याने आपोआप येत नाही, आणि बारावी झाल्यानेही येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरांची पहिली ओळख करून देणे हे महाविद्यालयात व्याख्यान देण्याहून सोपे आहे, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ह्या समजुतीपोटीच सर्वांत लहान मुलांच्या हाती सर्वांत कमी तयारीचा शिक्षक दिला जातो.

२००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. पाठोपाठ शिक्षकाची किमान अर्हता ठरली, पात्रता परीक्षा आवश्यक झाली. उत्तर प्रदेश शासनाने शिक्षामित्रांना दूरशिक्षणाने दोन वर्षांचे प्रशिक्षण दिले आणि २०१४ साली नियम बदलून, पात्रता परीक्षेची अट न घालता, त्यांना सहायक अध्यापकाच्या पदावर सामावून घेण्यास आरंभ केला. सुमारे एक लाख सदतीस हजार जणांना अशी पदे मिळाली. परंतु १२ सप्टेंबर २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ह्या नेमणुका रद्द ठरवल्या. त्या पीठाचे अध्यक्ष मुख्य न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. २५ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित ह्यांनी तोच निर्णय कायम केला. पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना पुढील दोन भरतींत संधी मिळावी, वयाची सवलत आणि अनुभवाचे श्रेय देता यावे, एवढी वाट न्यायालयाने मोकळी ठेवली. ज्यांचे मासिक वेतन तीस हजारांच्या पुढे गेले होते, ते पुन्हा मानधनावर आले. त्या वर्षी शासनाने ते मानधन दहा हजार रुपये ठरवले. गोमतीकाठचा तो जमाव ह्या निकालानंतरचा.

न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, योग्य अर्हतेच्या शिक्षकाकडून शिकण्याचा मुलांचा हक्क हा शिक्षकाच्या नोकरीच्या हक्काहून थोर आहे. हे म्हणणे नाकारता येत नाही. पण दुसरी बाजूही नाकारता येत नाही. विशी-पंचविशीत शाळेत शिरलेली माणसे चाळिशीला आली होती. जेव्हा खेड्यात दुसरे कोणी यायला तयार नव्हते, तेव्हा ती वर्गात उभी राहिली होती. दोन न्याय्य गोष्टी समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि एकीला हार खावी लागली. असे प्रसंग न्यायालयात निर्माण होत नाहीत. ते पुष्कळ वर्षे आधी शासनाच्या कचेरीत, योजनेचा मसुदा लिहिला जातो त्या वेळी निर्माण होतात. येथे क्रमच उलटा लावला गेला. आधी नेमणूक, मग प्रशिक्षण आणि सर्वांत शेवटी पात्रता! हाच क्रम सुलट लावायचा, तर आधी निवड, मग शिष्यवृत्तीच्या आधाराने पुरे शिक्षण, मग पात्रता आणि शेवटी आपल्याच भागात नेमणूक, असा तो होईल. भावी शिक्षकांना शिष्यवृत्ती देण्याचा प्रश्न असा ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८४५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये देशी भाषांच्या शाळांसाठी शिक्षक तयार करणारा नॉर्मल क्लास निघाला आणि बाळशास्त्री जांभेकरांकडे त्याची सूत्रे आली. पुढच्याच वर्षी बाळशास्त्री निवर्तले. परंतु शिक्षकालाही शिकवावे लागते, ही गोष्ट तेव्हापासून मान्य झाली.

त्या शिक्षकाने कोणत्या घरातून यावे, हा प्रश्न मात्र स्वच्छ शब्दांत मांडला तो महात्मा जोतीराव फुले ह्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात खेड्यातील प्राथमिक शिक्षकाविषयी जितके नेमके लिहिले आहे तितके पुढच्या अनेक जाडजूड अहवालांतही सापडत नाही. शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्यतो शेतकरी वर्गातील असावा. कारण तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल आणि प्रसंगी नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या तासणीला हात लावण्याची त्याला लाज वाटणार नाही, असे त्यांनी म्हटले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. अशा शिक्षकाला सहसा बारा रुपयांहून कमी पगार नसावा आणि मोठ्या गावात तो पंधरा किंवा वीस रुपये असावा, हा आकडाही त्यांनी दिला. सरकारी शिष्यवृत्त्यांपैकी काही तरी ज्या वर्गांत विद्येचा प्रसार झालेला नाही त्यांच्यासाठी असाव्यात, हेही त्यांनी सांगितले. गावचा माणूस, पुरे प्रशिक्षण आणि सन्मानाचा पगार ह्या तिन्ही गोष्टी जोतीरावांनी एकत्र मागितल्या होत्या. पुढच्या काळात राज्यकर्त्यांनी त्यांतली कधी एक उचलली, कधी दुसरी. उत्तर प्रदेशात गावचा माणूस घेतला, पण प्रशिक्षण मागे ठेवले. महाराष्ट्रात २००० सालापासून ‘शिक्षणसेवक’ नेमले गेले. ते प्रशिक्षित होते, परंतु पहिली तीन वर्षे त्यांना अल्प मानधनावर काढावी लागत. पुष्कळ वर्षांनंतर, २०२३ साली, प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवरून सोळा हजार रुपये झाले.

ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न महाराष्ट्रात झाला तो साताऱ्यास. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली ते कार्य साताऱ्यास आले. तेथील छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला जेवत आणि एकत्र श्रम करीत. हे वसतिगृह चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्या अंगावरचे दागिने तर गेलेच, पण एकदा मुलांच्या पोटासाठी मंगळसूत्रही मोडावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. शिष्यवृत्ती ह्या शब्दाचा अर्थ त्या घरात असा होता.

भाऊरावांच्या लवकरच ध्यानात आले की, बोर्डिंगात शे-दोनशे मुले शिकतील, पण सातारा जिल्ह्याच्या डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांना शाळाच नाहीत, आणि शाळा काढल्या तर त्यांना शिक्षक नाहीत. म्हणून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. नावातच ‘रूरल’ म्हणजे ग्रामीण हा शब्द आहे. खेड्यासाठी, खेड्यातल्या मुलांतून, खेड्याच्या राहणीत शिक्षक तयार करावयाचा, हा त्यामागचा हेतू. बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने १९३७ नंतर खाजगी प्रयत्नातून खेड्यांत शाळा काढण्यास उत्तेजन दिले, तेव्हा भाऊरावांपाशी माणसे तयार होती. कुठे देवळात, कुठे चावडीत, अशा रयतच्या व्हॉलंटरी शाळा निघाल्या आणि दहा-बारा वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या विद्यार्थ्याला संस्थेने शिकवले, त्याने शिकून संस्थेची, म्हणजेच रयतेची सेवा करावी, अशी भाऊरावांची अपेक्षा असे, आणि असे आजीव सेवक त्यांना लाभले. बोर्डिंगात शिकलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत त्यांना पैसा आणि मान दोन्ही मिळाले असते. पण ते रयत शिक्षण संस्थेत अध्यापनासाठी परत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. न्यायालयात वाजवून घेता येईल असा करारनामा ह्यामागे होता, असे नव्हे. ज्या हातांनी आपल्याला वाढले, त्या हातांचे ऋण मनुष्य सहसा विसरत नाही, ह्यावर भाऊरावांचा विश्वास होता.

ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी ह्याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवून दिली. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मुले गुरांमागे कुरणात जातात, तर तेथेच शिकवावे, म्हणून कुरणशाळा. असे शिकवणारी माणसे शहरी अध्यापन विद्यालयाच्या चार भिंतींत तयार होणार नाहीत, हे जाणून त्यांनी प्रशिक्षणही त्याच मातीत दिले. भावी शिक्षकाला शिष्यवृत्ती देऊन शहरात पाठवायचे आणि तीन-चार वर्षे खेडे दिसूच द्यायचे नाही, मग पदवी हाती देऊन परत जा म्हणायचे, ह्यात केवढी विसंगती आहे, हे कोसबाडच्या टेकडीवर नीट समजते.

खुद्द लखनौलाही ह्या विषयाचा एक जुना वारसा आहे. वेल्दी फिशर ह्या अमेरिकन बाईंनी वयाच्या सत्तरीनंतर, १९५३ साली, अलाहाबादेस प्रौढांना साक्षर करणारे शिक्षक तयार करण्याचे काम आरंभले आणि १९५६ साली ते लखनौस आणले. ‘साक्षरता निकेतन’ हे त्या संस्थेचे नाव. तिच्या इमारती लॉरी बेकर ह्यांनी योजल्या. खेड्यातली माणसे येथे येत, शिकवण्याची रीत शिकत, कळसूत्री बाहुल्यांचे खेळ शिकत आणि पत्र्याच्या ट्रंकेत पुस्तके घेऊन गावोगाव जात. १९६४ साली फिशरबाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. ज्या शहरात पुढे शिक्षामित्रांचा आक्रोश उमटला, त्याच शहरात खेड्यातल्या माणसाला रीतसर शिकवून खेड्याकडे परत धाडण्याची वाट साठ वर्षांपूर्वी पडलेली होती.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ही वाट पुन्हा दाखवलेली आहे. चार वर्षांच्या एकात्मिक बी. एड. अभ्यासक्रमासाठी गुणवत्तेवर आधारलेल्या शिष्यवृत्त्या देशभर सुरू कराव्यात, ग्रामीण भागासाठी विशेष शिष्यवृत्त्या असाव्यात आणि अभ्यासक्रम पुरा केल्यावर अशा विद्यार्थ्यांना त्यांच्याच भागात नेमणुकीसाठी प्राधान्य मिळावे, असे त्यात म्हटले आहे. शाळेच्या आवारात किंवा जवळपास शिक्षकाला राहावयास घर मिळावे, नाहीतर वाढीव घरभाडे मिळावे, हेही त्यात आहे. शिक्षकपदाची किमान अर्हता २०३० पर्यंत हीच चार वर्षांची पदवी असावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे.

येथेच खरी अडचण उभी राहते. अर्हता उंचावणे योग्यच आहे. पण बारावीनंतरची चार वर्षे शिकण्यात घालवणे कोणाला परवडेल? हरदोई किंवा सीतापूरकडच्या अल्पभूधारकाची मुलगी घ्या, नाहीतर मेळघाटातल्या कोरकू घरातली मुलगी घ्या. तिच्या शिक्षणाचा खर्च फीवर संपत नाही. वसतिगृह आहे, जेवण आहे, पुस्तके आहेत, जाण्यायेण्याचे भाडे आहे, आणि ती घरी असती तर तिच्या हातून जे काम झाले असते तेही आहे. ह्या मुलीला हात दिला नाही, तर उंचावलेली अर्हता शहरातल्या मुलांपुरती उरेल आणि खेड्याच्या वाट्याला पुन्हा गाडीने येणारा पाहुणा गुरुजी येईल. किंवा मग जागा रिकाम्या राहतील आणि त्या भरण्यासाठी कोणीतरी पुन्हा एखादी अकरा महिन्यांची योजना काढील.

परदेशांनी ह्या बाबतीत काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. चीनने २००७ साली सहा राष्ट्रीय शिक्षक-विद्यापीठांत शिक्षण मोफत केले, राहण्याची सोय आणि निर्वाहवेतन दिले, आणि त्याबदल्यात दहा वर्षे अध्यापन करण्याचे व त्यातील निदान दोन वर्षे ग्रामीण शाळेत काढण्याचे बंधन घातले. दहा वर्षांचे ओझे फार झाले, असे अनुभवाला आल्यावर २०१८ साली ते सहा वर्षांवर आणले. दक्षिण आफ्रिकेत २००७ पासून ‘फुन्झा लुशाका’ नावाची शिष्यवृत्ती आहे. जितकी वर्षे ती घ्यावी तितकी वर्षे सरकारी शाळेत शिकवावे, असा तिचा सरळ हिशेब आहे.

अमेरिकेचा अनुभव मात्र आपल्या कचेऱ्यांनी विशेष काळजीपूर्वक वाचावा असा आहे. तेथे २००८ च्या सुमारास भावी शिक्षकांना वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत अनुदान देण्याची योजना सुरू झाली. अट अशी की, शिक्षण संपल्यावर आठ वर्षांच्या आत चार वर्षे गरीब वस्तीतल्या शाळेत, गरजेचा विषय शिकवावा. अट मोडल्यास अनुदानाचे कर्ज व्हावे आणि पहिल्या दिवसापासूनचे व्याज लागावे. पुढे असे दिसून आले की, दोन हजारांहून अधिक शिक्षकांच्या बाबतीत हे रूपांतर चुकून झाले होते. नेमलेल्या शाळेत इमानाने शिकवणाऱ्या शिक्षकांवरही, दरवर्षीचा एक कागद वेळेवर पोहोचला नाही किंवा त्यावर एक सही राहिली म्हणून, कर्जाचा बोजा पडला. ह्या चुका दुरुस्त करण्याचे काम २०१८ च्या अखेरीनंतर हाती घेतले गेले. हेतू उत्तम, पैसा पुरेसा, आणि तरीही कागदाच्या फटीतून विश्वास गळून गेला.

ह्या सर्व अनुभवांवरून ग्रामीण शिक्षकांच्या शिष्यवृत्तीला काही गोष्टी आवश्यक ठरतात. निवड तालुक्यातून, किंबहुना गावांच्या लहान गटातून व्हावी, म्हणजे बोलीभाषा आणि माणसे ओळखणारा विद्यार्थी मिळेल. रक्कम केवळ फीपुरती नसावी. तिच्यात पोट भरले पाहिजे. ती दरमहा ठरल्या तारखेस हाती पडावी, कारण सहा महिने उशिरा आलेली शिष्यवृत्ती गरीब विद्यार्थ्याला सावकाराच्या दारात उभे करते. शिक्षणाच्या काळात दरवर्षी काही आठवडे त्याने आपल्याच भागातील शाळेत अनुभवी शिक्षकाच्या हाताखाली काढावेत. सेवेचे बंधन असावे, पण ते शिष्यवृत्तीच्या वर्षांच्या प्रमाणात असावे. आजारपण, बाळंतपण, लग्नानंतरचे स्थलांतर ह्यांची त्यात सोय असावी. अर्हतेत मात्र सवलत नको. खेड्यातल्या मुलासाठी थोडा उणा शिक्षक चालेल, ही कल्पनाच सोडून दिली पाहिजे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. बंधन एकाच बाजूवर घालता येत नाही. विद्यार्थ्याने खेड्यात जाण्याचे वचन द्यावे, तर शासनानेही त्याच्यासाठी जागा राखून ठेवण्याचे, त्याला पुरा पगार आणि राहावयास घर देण्याचे वचन द्यावे. पदवी घेऊन आलेला शिष्यवृत्तीधारक भरतीची वाट पाहत वर्षानुवर्षे घरी बसला, तर ह्या योजनेला काही अर्थ उरणार नाही. एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेला गावात सुरक्षित खोली, पाणी आणि संडास ह्यांची सोय नसेल, तर तिच्या बदलीच्या अर्जाला दोष देण्याचा अधिकार कोणालाच पोहोचत नाही.

भाऊरावांनी आपल्या संस्थेचे बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष निवडला. वडाच्या पारंब्या खाली येतात, जमिनीत रुजतात आणि पुढे त्याच झाडाला आधार देतात. गावातून निघालेल्या मुलाने वा मुलीने शिकून पुन्हा त्याच जमिनीत मूळ धरावे, हे ह्या शिष्यवृत्तीचे सारे प्रयोजन आहे. गोमतीच्या काठी बसलेल्या माणसांना गावाने बोलावले होते आणि ती आली होती. त्यांची तयारी करून घेण्याचे काम ज्यांचे होते, त्यांनी ते वेळेवर केले नाही. यापुढे खेड्यातली एखादी मुलगी बारावीचा निकाल हाती घेऊन शिक्षिका होण्याची इच्छा सांगेल, तेव्हा तिला अकरा महिन्यांचा करार पुढे करायचा की चार वर्षांचा भरवशाचा आधार द्यायचा, हे ठरवावे लागेल. तिच्या वर्गात पुढे तीस-पस्तीस वर्षे जी मुले बसणार आहेत, त्यांचे भवितव्य ह्याच निर्णयावर अवलंबून आहे.